दुसरं पाकीट

राखाडी पाकिटात दोनच औषधं असतात: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. एकदाच घ्यायची. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये ती फुकट मिळतात. गर्भाशयाच्या तोंडाला संसर्ग होऊन पू येणाऱ्या बाईला एक पाकीट आणि नवऱ्यालाही तेच, असा नियम आहे. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मी वर्षानुवर्षं नर्सबाई होते. हे दुसरं पाकीट बाईच्या पदरात बांधून द्यायचे आणि पुढच्या खेपेला ते तिच्या घरच्या फळीवर तसंच दिसायचं.

"बाई, कोनले सांगजो नको," म्हणत एक केळीच्या बागेतली मजूर तीनदा माझ्याकडे आली. अंगावरून जाणं थांबायचं, दोन महिन्यांत पुन्हा सुरू. नवऱ्याचं विचारलं की म्हणायची, "त्यासले काही व्हयेल नही." ती खोटं बोलत नव्हती. क्लॅमिडियासारखा संसर्ग पुरुषाच्या अंगात काहीही न दाखवता राहू शकतो. बाईच्या मात्र गर्भनळ्या बंद होऊ शकतात, आणि मग वांझ म्हणवून घ्यायचं तेही तिनंच.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तेव्हापासून बाईला दवाखान्यापर्यंत आणायला आपण थोडंफार शिकलो. नवऱ्याला आणायला शिकलो नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुसरं पाकीट पोचवायचं काम बाईवर टाकू नका. ते दिलं की पहिला प्रश्न तिच्या चारित्र्यावर येतो. मार बसलेल्याही मी पाहिल्यात. पुरुषाशी पुरुष आरोग्यसेवकानं बोलावं, आणि तो गावात असतो तेव्हाच. साक्री, शिरपूर, चाळीसगावकडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, काही थेट सुरत-बारडोलीच्या फडावर. 'सात दिवसांनी परत दाखवा' हे त्यांना सांगून काय उपयोग? मुकादमाकडे सगळे उचलीसाठी जमतात, त्याच दिवशी तिथे दार लावता येईल अशी एक खोली हवी, आणि गोळ्या तिथेच पाण्याबरोबर घ्यायच्या. आजार कुणाकडून आला हे विचारायचं नाही. निरोध द्यायचे, रक्त तपासायचं. त्यात गरमी (सिफिलिस) निघाली, तर पेनिसिलिनचं जुनं इंजेक्शन आजही लागू पडतं.

केळीच्या बागेतली ती मजूर चौथ्या वेळी नवऱ्याला घेऊन आली होती. आत लसीकरणाला आलेल्या बायका बसलेल्या, खोली एकच, आरोग्यसेवकाची जागा रिकामी. तो फाटकापाशी निंबाखाली तासभर उभा राहिला. मी हातातलं बाळ ठेवून बाहेर आले, तोवर टोळीचा ट्रक त्याला घेऊन गेला होता.