चौकटीतले पत्र

गेल्या वसंतात कॅरी येथील आमच्या परिचयाच्या एका बौद्ध कुटुंबात चॅपेल हिलहून एक पत्र आले. कन्या तेथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेते. 'डेल्टा ओमेगा' या मानद संस्थेच्या तेथील शाखेने तिची सदस्य म्हणून निवड केली होती. पित्याने ते पत्र चौकटीत बसवून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावले व आम्हांस म्हणाले, "आता कोणी म्हणू नये की आमच्यात मेरिट नाही."

या उद्गारामागील वेदना आम्ही जाणतो. महाविद्यालयात 'कोट्यातला' हा शब्द ज्यांनी वर्षानुवर्षे पाठीमागे ऐकला, त्यांना अशा पत्राचे मोल सांगावे लागत नाही. तरीही आमचे मत थोडे निराळे आहे.

ही काही पैसे भरून नाव छापून घेण्याची संस्था नव्हे. (तसली पत्रेही या देशात पुष्कळ येतात, पालकांनी आधी विद्यालयाकडे चौकशी करावी, मगच धनादेश लिहावा.) १९२४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिची स्थापना झाली, त्याच वर्षी मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, हा एक योगायोग. निवड करताना गुणांबरोबर लोकारोग्याविषयीची निष्ठाही पाहिली जाते. सन्मान खरा आहे आणि तो आनंदाने स्वीकारावा.

परंतु तो पुरावा म्हणून भिंतीवर लावावा काय? १७७६ साली स्थापन झालेल्या 'फाय बीटा काप्पा' या अमेरिकेतील जुन्या मानद संस्थेने पहिल्या स्त्रियांना १८७५ साली प्रवेश दिला आणि पहिल्या कृष्णवर्णीयास १८७७ साली. तोवरच्या शंभर वर्षांत त्यांच्यात गुणवत्ता नव्हती, असे कोण म्हणेल? आणि हे पत्र आमच्या गुणवत्तेचा दाखला ठरत असेल, तर ज्यांना असे पत्र कधीच येणार नाही, त्या गावाकडच्या आपल्या भावंडांविषयी आपण नकळत काय कबूल करतो? टोमणे मारणाऱ्यांचेच माप आपण हाती घेतो.

लोकारोग्य हा विषय तर आपल्या घरचाच. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा अंत झाला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी उभे राहिलेल्यांचा प्रश्न माणुसकीचा होता, आणि आरोग्याचाही होता. कॅरीहून मोटारीने फार दूर नसलेल्या वॉरेन परगण्यात १९८२ साली असेच घडले. पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती राज्य शासनाने कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या त्या परगण्यात पुरावयाचे ठरविले, तेव्हा लोक मालमोटारींपुढे रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती अखेर तेथेच पुरली गेली. पण पर्यावरणीय न्यायाची चळवळ या देशात त्या रस्त्यावरून पुढे गेली. आमची मुले चॅपेल हिलला शिकतात, पण तो रस्ता किती जणांनी पाहिला आहे?

त्या दिवशी आम्ही कन्येस विचारले, "बाळ, तुझा प्रबंध कशावर आहे?"

"ग्रामीण भागातल्या खासगी विहिरींच्या पाण्यावर, काका," ती म्हणाली. "त्यांची नियमित तपासणी करणे कोणावरच बंधनकारक नाही."

पित्याने तिच्याकडे वळून पाहिले. हे त्यांना ठाऊक नव्हते.