डब्यातले बळ आणि ताटातले बळ

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी पहाटेचे रस्ते आणि मैदाने तरुणांनी फुलून जातात. आसपासच्या खेड्यांतून आलेली, भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे मिळून राहणारी ही मुले काळोखात धावावयास लागतात. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु अलीकडे या खोल्यांच्या फळीवर पुस्तकांच्या शेजारी एक मोठा, चकचकीत डबा दिसू लागला आहे. त्यावर पिळदार देहाचे चित्र आणि ‘चरबी घटवा, स्नायू टिकवा’ अशा अर्थाचे आश्वासन असते. वर्गातील एका विद्यार्थ्यास त्याची किंमत विचारली, तेव्हा त्याने अडीच हजार रुपये सांगितली. त्याच्या खोलीचे महिन्याचे भाडेही तेवढे नव्हते.

ही केवळ तरुणांची हौस आहे, असे म्हणून प्रश्न झटकून टाकणे अन्यायाचे होईल. भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीचे १५. लांब धावण्यास हलके शरीर हवे आणि गोळा फेकण्यास खांद्या-मांड्यांत ताकद हवी. म्हणजे चरबी जावी आणि स्नायू राहावेत, ही त्यांची गरज खरी आहे. ती भागविण्याचा मार्ग कोणता, एवढाच प्रश्न आहे.

शरीराचा हिशेब घरच्या जमाखर्चाहून फारसा वेगळा नाही. खर्चापेक्षा कमी अन्न मिळाले की शरीर साठ्यातून उचल करते. हा साठा मुख्यत्वे चरबीचा असला तरी उपासमार तीव्र झाली की स्नायूंवरही हात पडतो. तो पडू नये म्हणून तीन गोष्टी लागतात. आहारातील कपात बेताची हवी. दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरते, आणि तेवढे पुरे. दुसरी गोष्ट ताकदीच्या व्यायामाची. जोर, बैठका, वजन उचलणे यांतूनच स्नायू कामाचे आहेत, ही सूचना शरीराला मिळते. तिसरी गोष्ट पुरेशा प्रथिनांची आणि झोपेची. आमची मुले बहुधा केवळ धावतात आणि रात्रीचे जेवण सोडतात. वजन उतरते खरे, पण गोळ्याचे अंतरही त्याबरोबर घटते. मग ही तूट डब्याने भरून काढण्याचा प्रयत्न सुरू होतो.

डब्यांतही भेद करावयास हवा. पनीर किंवा चीज करताना उरणाऱ्या निवळीपासून बनविलेली ‘व्हे’ भुकटी हे अखेर अन्नच आहे. ती शुद्ध असेल तर तिच्यात उत्तम प्रथिने कमी कॅलरींत मिळतात, हे मान्य केले पाहिजे. क्रिएटिनने ताकदीच्या व्यायामास थोडा हातभार लागतो, यालाही चांगला पुरावा आहे. परंतु प्रथिने पुरेशी मिळत असतील तर वेगळ्या अमिनो आम्लांच्या डब्याने अधिक काही साधत नाही. ‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा परिणाम नगण्य, आणि त्यांतील काहींचा धोका मात्र मोठा आहे. सिब्युट्रामीन हे वजन घटविणारे औषध हृदयास घातक ठरल्याने भारतात २०११ साली बंद झाले. तरीही ‘वनस्पतिजन्य’ म्हणविणाऱ्या गोळ्यांत ते चोरून मिसळलेले जगभर सापडत आले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरण्यासाठी असलेले मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळांतील तरुणांना बेकायदा विकणाऱ्यांवर पुणे परिसरात पोलिसांना कारवाया कराव्या लागल्या आहेत. डब्यापासून सुईपर्यंतचे अंतर आपण समजतो तेवढे लांब नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना धडा आठवतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की मालाचा खरा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकून लावतो. पूरकांचा बाजार हे याचे ठळक उदाहरण होय. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी २०२४ साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के नमुन्यांत प्रथिनांविषयी छापलेली माहिती चुकीची निघाली आणि काहींत तर छापल्याच्या निम्मीच प्रथिने होती. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन, तर ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले. वेष्टनावरील १४ अंकी परवाना क्रमांक उत्पादकाची नोंद सांगतो, आतील मालाच्या गुणाची हमी देत नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिन-पूरके टाळावीत, असा स्पष्ट सल्ला दिला.

आता किमतींचा ढोबळ हिशेब पाहू. अडीच हजारांच्या एक किलो भुकटीत पाऊण किलो प्रथिने धरली, तर एक ग्रॅम सव्वातीन रुपयांना पडते. दुधातील एक ग्रॅम पावणेदोन रुपयांच्या आसपास, अंड्यातील सव्वा रुपयाच्या आत, हरभऱ्यातील पन्नास पैशांना आणि सोयाबीनच्या वड्यांतील तीस पैशांना मिळते. हरभऱ्याबरोबर पिष्टही येते, म्हणून वजन उतरविणाऱ्याने सोयावडी, अंडी आणि साय काढलेले दूध यांवर भर द्यावा. ज्वारी-बाजरीत जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळींत असते आणि डाळींतील उणीव भाकरी भरून काढते. वरण-भाकरीची जोडी आपल्या पूर्वजांनी उगीच जमविलेली नाही. सामान्य माणसास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. कसून व्यायाम करणाऱ्यास १.६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो. म्हणजे ६५ किलोच्या तरुणास दिवसाला फार तर १०४ ग्रॅम. दिवसाच्या भाकरी-वरणाला १०० ग्रॅम सोयावडी, चार अंडी आणि अर्धा लिटर दूध यांची जोड दिली की ही गरज जवळपास भागते.

मग मुले हे का करीत नाहीत? कारण सोयावडीची जाहिरात कोणी करीत नाही. भाड्याच्या खोलीत चूल नसते, आणि खानावळीच्या डब्यात पातळ वरण येते. शिवाय अपयशाच्या भीतीला किंमत दिसत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, अशा स्थितीत अर्ध्या गुणाचे आश्वासनही महाग वाटत नाही. पूरकांचा विक्रेता वस्तुतः बेरोजगारीच्या धास्तीवर व्यापार करतो.

म्हणून दोष केवळ मुलांच्या माथी मारून भागणार नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ पासून शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्यात येऊ लागले होते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी थांबविला आणि लोकवर्गणीतून सोय करण्याचा पर्याय शाळांपुढे ठेवला. बालपणी सहा-सात रुपयांचे अंडे ज्या समाजास परवडत नाही, त्याच समाजातील मुलगा विशीत अडीच हजारांचा डबा विकत घेतो. ही काटकसर नव्हे. ती खर्चाची पुढे ढकललेली आणि व्याजासह वाढलेली बाकी आहे.

करण्याजोगे बरेच आहे. महाविद्यालयांनी वसतिगृहाच्या आणि खानावळीच्या ताटात सोयावडी व उसळ नित्याची करावी. क्रीडाशिक्षकांनी धावण्याबरोबर ताकदीचा व्यायाम शिकवावा आणि कोणत्याही डब्याची शिफारस करू नये. अन्न व औषध प्रशासनाने या भुकट्यांचे नमुने तालुक्याच्या दुकानांतूनही नियमित घ्यावेत व निष्कर्ष जाहीर करावेत. शाळांतील अंडे पूर्ववत शासनाच्या खर्चाने द्यावे. आणि ज्या पालकांना मुलाने पैसे मागितले असतील, त्यांनी नकार देण्यापूर्वी तो सकाळी काय खाऊन धावतो, एवढे तरी विचारावे.