मॅस्टोडॉनवर जाताय? आधी मोहल्ला बघा

दर दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे एक लाट येते. कुणाचं तरी खातं बंद होतं, कुणाची तरी पोस्ट गायब होते आणि 'चला, इथून निघू या' अशी हाक उठते. नोव्हेंबर २०१९ मधली लाट अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं होतं. त्यांनी लावलेला एक प्रसिद्ध फोटो ट्विटरला आक्षेपार्ह वाटला. नाझी सलामीसाठी हात उंचावलेल्या गर्दीत एकटाच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असा तो फोटो. द्वेषाला नकार देणारं चित्रच द्वेषपूर्ण ठरलं! संतापलेल्या पत्रकार, वकील, विद्यार्थ्यांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. काही आठवड्यांत बहुतेक जण मुकाट्याने परतले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर हीच लाट जगभर आली. मॅस्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले, आणि मग बरेच ओसरले.

परतलेल्या मित्रमैत्रिणींना कारण विचारलं की उत्तर मिळतं, 'अरे, ते कळतच नाही.' हे उत्तर मला अर्धंच खरं वाटतं. ज्या तरुणांनी शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर मात केली, त्यांना मॅस्टोडॉन कळणार नाही, हे मी मानायला तयार नाही. खरी गोष्ट अशी की तिथे जाताना आपण नवं अ‍ॅप घेतलं असं समजतो. प्रत्यक्षात आपण एखाद्या वस्तीत राहायला गेलेलो असतो, आणि ती वस्ती कुणाची, तिथली व्यवस्था कोण बघतं, हे आपण विचारलेलंच नसतं.

मॅस्टोडॉन ही एक साइट नाही. २०१६ मध्ये आलेलं हे मोफत सॉफ्टवेअर कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. असे हजारो सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक पद्धतीने एकमेकांशी बोलतात. ईमेलसारखंच. तुमचं खातं एका कंपनीत, माझं दुसऱ्या, तरी पत्र पोचतं. म्हणून इथला पत्ताही दुहेरी असतो, आधी तुमचं नाव, मग सर्व्हरचं. (दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं, पत्ता मात्र रोमन अक्षरांतच. हेही एक.) दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करायचं तर त्याचा पत्ता कॉपी करून आपल्या सर्व्हरवर येऊन शोधावा लागतो. पहिल्या दिवशी वैताग येतो, चौथ्या दिवशी सवय होते. याबद्दल मी फार तक्रार करणार नाही.

तक्रार करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचं खातं मी सांभाळतो. मॅस्टोडॉनवर आम्ही एकदा विचारलं, की जातपडताळणीच्या अर्जासोबत कोणकोणती कागदपत्रं लागतात? नऊ जणांनी तेच उत्तर दिलं, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना बाकीच्यांची उत्तरं दिसतच नव्हती. असं का होतं? एखाद्या सर्व्हरवर कोणी ना कोणी ज्या खात्यांना फॉलो करतं, साधारणपणे त्यांचंच लिखाण त्या सर्व्हरवर येतं. तिसऱ्या सर्व्हरवरच्या अनोळखी माणसाचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. त्यामुळे एकाच पोस्टखाली एका ठिकाणी नऊ उत्तरं दिसतात, दुसऱ्या ठिकाणी दोन. अलीकडच्या आवृत्त्यांत राहिलेली उत्तरं मागवून घेण्याची सोय होऊ लागली आहे, पण सगळे सर्व्हर एकाच दिवशी अद्ययावत होत नाहीत.

कागदपत्रांच्या प्रश्नात हे गमतीचं आहे. शिवीगाळीत नाही. समजा, आपल्यातली एखादी मुलगी हिजाबबद्दल किंवा तलाकच्या कायद्याबद्दल ठाम काही लिहिते आणि पाच-सहा सर्व्हरांवरून तिच्यावर घाण फेकली जाते. तिचं नाव घेऊन आलेलं प्रत्येक उत्तर तिला दिसतं. तिच्या मैत्रिणीला, जी वेगळ्या सर्व्हरवर आहे, ती पोस्ट कदाचित शांत, स्वच्छ दिसेल. मग ती मैत्रीण मदतीला धावणार कशी? 'एवढं काय झालं, मला तर काही दिसत नाही,' असंच ती म्हणणार. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वापरकर्त्यांनी हा अनुभव वारंवार मांडला आहे. सुल्ली डील्स आणि बुल्ली बाई पाहिलेल्या आपल्या मुलींना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

तक्रारीचंही तसंच. तुमची तक्रार आधी तुमच्या सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडे जाते. समोरच्याच्या सर्व्हरकडे प्रत पाठवायची की नाही, ते तुम्ही वेगळं निवडायचं असतं. आता तुमचा व्यवस्थापक बर्लिनमध्ये बसलेला सज्जन स्वयंसेवक असेल, तर 'लांड्या' या शब्दात काय विष आहे, हे त्याला कोणत्या शब्दकोशात सापडणार? मोठ्या कंपन्यांनाही ते कळत नाही, हे मान्य. पण मोठ्या कंपनीत आपल्याला पर्यायच नसतो. इथे आहे, आणि तो आपण वापरत नाही.

आणखी एक गोष्ट चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. दोन्हीकडच्या सर्व्हरचे चालक ते तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतात. शिवाय खासगी संदेशात तुम्ही तिसऱ्या कुणाचं नाव त्याच्या पत्त्यासह लिहिलंत, तर तो संदेश त्यालाही जातो! म्हणजे 'अमुक माणसापासून सावध राहा' हा निरोप थेट अमुक माणसाच्याच हाती. मोर्चाचं नियोजन, पीडितेचं नाव, वकिलाचा नंबर यातलं काहीही तिथे लिहू नका.

मग स्वातंत्र्याचं काय, 'आवडलं नाही तर सर्व्हर बदला' असं सांगतात ते? बदलता येतो, आणि ही खरोखर मोठी गोष्ट आहे. तुमचे फॉलोअर नव्या घरी आपोआप येतात. तुमच्या पोस्ट मात्र जुन्याच घरी राहतात. त्यांची प्रत उतरवून ठेवता येते, पण नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मॅस्टोडॉन डॉट लॉल या सर्व्हरच्या एकट्या चालकाने, भांडणांना आणि त्रासाला कंटाळून, सर्व्हर बंद करत असल्याचं जाहीर केलं. हजारो लोकांना काही महिन्यांत बिऱ्हाड हलवावं लागलं. तरी त्यांना मुदत मिळाली आणि जायला जागा होती. आपल्याकडच्या कू अ‍ॅपवर मराठी होती, सोपेपणा होता. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं तेव्हा तिथले फॉलोअर घेऊन कुठेच जाता येत नव्हतं.

काही जण म्हणतील, ब्लूस्काय घ्या, सोपं आहे. सोपं आहे कारण सगळीकडचं लिखाण गोळा करण्याचं बरंचसं काम तिथे अजून एकच कंपनी करते. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून तिथली काही खाती त्या देशात दिसेनाशी झाली. ती दुसऱ्या अ‍ॅपमधून दिसत राहिली, एवढाच काय तो विकेंद्रीकरणाचा फायदा.

माझं म्हणणं असं, की संतापाच्या भरात एकेकट्याने जाऊ नये. जायचं तर वीस-पंचवीस जणांनी मिळून, आपल्या माणसांनी चालवलेल्या एका मराठी सर्व्हरवर जावं. एकाच सर्व्हरवर असलो की एकमेकांची उत्तरं दिसतात, मैत्रिणीवरचा हल्ला बराचसा दिसतो, तक्रार मराठी आणि उर्दू समजणाऱ्याच्या हाती जाते. हॅशटॅगचंही तेच आहे. शोधात तेवढंच येतं जेवढं तुमच्या सर्व्हरला ठाऊक आहे. परदेशी छोट्या सर्व्हरवर 'मराठी' शोधा, ओसाड माळरान दिसेल. (त्यात आपण निम्मे जण 'मालेगाव' लिहितो आणि निम्मे 'मालेगांव', म्हणजे दोन वेगळे हॅशटॅग.)

यावर एक आक्षेप मी गटात ऐकला आहे, की ही पुन्हा मोहल्लाबंदीच झाली, आधीच आपल्याला पुण्या-मुंबईत भाड्याने घर मिळत नाही, आता इंटरनेटवरही वेगळी वस्ती? आक्षेप गंभीर आहे. म्हणून मी 'मुस्लिम सर्व्हर' म्हणत नाही, मराठी म्हणतो, आणि चालवणाऱ्यांत सर्व समाजांतले मित्र असावेत असा माझा आग्रह आहे. शिवाय इथे वस्तीला कुंपण नसतं. आमच्या सर्व्हरवरून कोल्हापूरच्या, लंडनच्या, कुणाच्याही खात्याशी बोलता येतं. दार कोणासाठी बंद करायचं, हे मात्र आपण ठरवतो. २०१९ मध्ये गॅब हे अमेरिकेतलं अतिउजव्या लोकांचं व्यासपीठ मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेऊन आलं, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. कुठल्या कंपनीची परवानगी लागली नाही.

फुकटात काही होत नाही. दरमहा सर्व्हरचं भाडं आहे, फोटो-व्हिडिओंनी जागा भरत राहते. भारतात सर्व्हर चालवणाऱ्यालाही २०२१ चे आयटी नियम लागू होतात. तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि साधारणपणे ७ दिवसांत निकाल लावायचा. पैसा वर्गणीतून उभा राहील, भिशी आणि वाचनालयं चालवणाऱ्या लोकांना ते नवीन नाही. माणसांचा वेळ उभा करणं अवघड आहे.

आमच्याकडे सध्या पाच जण तयार आहेत. वर्गणीचा आकडा ठरला, नियमावलीचा मराठी मसुदा झाला, उर्दू मसुदा एक शिक्षिका तपासत आहेत. रात्री अकरानंतर आलेल्या तक्रारी कोणी बघायच्या, यावर तीन बैठका झाल्या आणि चौथी येत्या रविवारी आहे.