उसना शब्द कोणाचा?

'उसना शब्द' म्हणताच कमीपणाची छटा येते. ती मला मान्य नाही. जर्मनमधून इंग्रजीत गेलेला 'हॅम्बर्गर' पाहा. हॅम्बुर्ग या शहरनामाला 'अर' प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. इंग्रजी भाषकांनी मात्र त्यात 'हॅम', म्हणजे डुकराचे मांस, आहे असे मानून (आत असते गोमांस!) 'बर्गर' वेगळा काढला आणि 'चीजबर्गर' घडवला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही चूकच; पण शब्द आपलासा झाल्याची याहून भक्कम खूण कोणती? याउलट, पहिल्या महायुद्धात अमेरिकेत 'सॉअरक्राउट' या आंबवलेल्या कोबीला 'लिबर्टी कॅबेज' म्हणण्याचा आग्रह झाला. युद्ध सरले, जुना शब्द परतला. आपण मराठीत 'बर्गर' म्हणता, तेव्हा तो चुकीच्या जागी तोडलेला तुकडाच उच्चारत असता.