एक भाषा, पण नीट

प्रवेशपरीक्षा आटोपल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंत दोन-तीन महिन्यांचा काळ हाती असतो. संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांना या काळात एक प्रश्न हटकून पडतो: मुलाने आधी कोणती संगणकभाषा शिकावी? शिकवणी वर्गांनी त्याचे उत्तर फारच सोपे करून टाकले आहे. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशी नावे त्यांच्या फलकांवर उपाहारगृहातील पदार्थांप्रमाणे ओळीने मांडलेली असतात आणि तीन महिन्यांत पाचही भाषा शिकवण्याची हमी दिलेली असते. पालक मुकाट्याने शुल्क भरतात. परंतु तीन महिन्यांत पाच भाषा शिकल्याचे जो विद्यार्थी सांगेल, त्याला त्यांपैकी एकही येत नसावी, असे खुशाल समजावे.

पहिली भाषा कोणती, हा वाद नवा नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही भाषा तयार केली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. १९७० मध्ये निकलाउस विर्थ यांनी ‘पास्कल’ पुढे आणली, ती विद्यार्थ्यांना शिस्तशीर आज्ञावली-लेखनाचे वळण लागावे म्हणून. १९७५ मध्ये डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी तर बेसिकवर वाढलेल्या विद्यार्थ्याला पुढे काही चांगले शिकवणे जवळजवळ अशक्य असते, असा कडक अभिप्राय दिला. तरीही ऐंशीच्या दशकात घरगुती संगणकांवर बेसिक गिरवलेल्या पिढीतून कितीतरी उत्तम आज्ञावलीकार निघाले. भाषेचे नाव पिढीगणिक बदलत गेले. पण अट, आवर्तन, माहितीची मांडणी आणि मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे करण्याची रीत ही शिदोरी त्यांच्यासोबत कायम राहिली.

महाराष्ट्राचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. येथील बारावीच्या संगणकशास्त्र या द्विलक्ष्यी विषयात सी प्लस प्लस आणि ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियक अनेक वर्षे शिकवला गेला. विषय निवडण्यात चूक नव्हती. चूक होती ती शिकवण्याच्या पद्धतीत. सी प्लस प्लस भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले. मात्र असंख्य प्रयोगशाळांत त्यानंतरही कितीतरी वर्षे १९९० साली बाजारात आलेल्या ‘टर्बो सी प्लस प्लस’च्या निळ्या पडद्यावरच सराव चालू राहिला. प्रयोगवहीतील आज्ञावली पाठ करायची, ती पडद्यावर उतरवायची आणि उत्तर आले की सही घ्यायची, असा हा रिवाज. अशा रीतीने जगातली सर्वोत्तम भाषा शिकवली, तरी हाती लागेल ते पाठांतरच.

मग विद्यार्थ्याने काय करावे? आजच्या घडीला पायथनने आरंभ करणे सर्वांत शहाणपणाचे आहे. अमेरिकेतील एमआयटीने आपल्या प्रारंभिक अभ्यासक्रमात पूर्वीच्या ‘स्कीम’ऐवजी पायथन स्वीकारली, केंद्रीय शिक्षण मंडळानेही अकरावी-बारावीसाठी सी प्लस प्लस सोडून तीच भाषा घेतली. या भाषेत कर्मकांड कमी आहे. तिचे राखीव शब्द सुमारे ३५, आणि ते शिकण्यास इंग्रजी माध्यम लागत नाही. चलांना ‘दर’, ‘एकूण’ अशी देवनागरी नावेही तिच्यात देता येतात. ती विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावर चालते. तेव्हा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने या विषयाला बिचकण्याचे कारण नाही.

मात्र भाषा शिकणे म्हणजे तिचे व्याकरण पाहून पुढे जाणे नव्हे. वीजबिलातील टप्प्यांचा हिशेब, दूध संकलन केंद्रावर फॅटनुसार होणारी दराची आकारणी, वर्गाच्या गुणांची यादी असे आपल्या आसपासचे चार-पाच प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः सोडवावेत. आज्ञावली चुकली, तर ती का चुकली याचा छडा स्वतः लावावा. पाच प्रमाणपत्रांपेक्षा एका चुकीचा असा पाठपुरावा अधिक शिकवून जातो.

पायथनने पाया बसला, की सी भाषेची ओळख करून घ्यावी. पायथन संगणकाचा बराचसा कारभार पडद्याआड ठेवते. सी तो पडदा बाजूला सारते. पायथनमधील पूर्णांक हवा तेवढा वाढू शकतो; सी भाषेतील ३२ बिटांच्या नेहमीच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या पुढची संख्या मावत नाही. ही बाब क्षुल्लक नव्हे. ४ जून १९९६ रोजी युरोपचा ‘एरियान ५’ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला, तो ६४ बिटांतील एक संख्या १६ बिटांत न मावल्यामुळे. ती आज्ञावली ‘एडा’ या, सुरक्षिततेचा विशेष विचार करून घडवलेल्या भाषेत लिहिलेली होती. भाषेने दिलेले संरक्षण त्या एका ठिकाणी माणसांनीच वापरले नव्हते.

आता यंत्रच आज्ञावली लिहून देते, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न केला जातो. यंत्र लिहून देते हे खरे. परंतु लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे ज्याला वाचता येत नाही त्याने ते कशाच्या आधारे स्वीकारावे? हिशेब येत नसलेल्या मालकाने मुनिमावर विसंबून राहावे, तशीच ही स्थिती होईल. लिहिण्याचे श्रम कमी झाले असतील. पारखण्याची जबाबदारी त्या प्रमाणात वाढली आहे.

त्याच १९७५ च्या टिपणात डायक्स्ट्रा यांनी आणखी एक गोष्ट नमूद केली होती: गणिताची ओढ आणि त्याबरोबर मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्व हे चांगल्या आज्ञावलीकाराचे सर्वांत मोलाचे भांडवल होय. ज्याला आपल्या भाषेत एखादी कृती क्रमवार आणि निःसंदिग्ध सांगता येत नाही, त्याला ती यंत्राला तरी कशी सांगता येणार? महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वी विद्यार्थ्याजवळ एक संगणकभाषा नीट आणि मराठी त्याहून नीट असावी. उरलेल्या चार भाषा गरज पडेल तेव्हा येतील, आणि त्यांसाठी कोणाला शुल्क भरावे लागणार नाही.