आरडी ३५०ची चाके

जपानच्या यामाहा कंपनीच्या परवान्याखाली एस्कॉर्ट्स समूहाने १९८३ पासून भारतात तयार केलेली राजदूत ३५०, म्हणजेच चाहत्यांच्या तोंडी असलेली ‘आरडी’, ही गाडी बंद होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी पुणे, मुंबई, कोल्हापूर अशा शहरांत ती आजही जिवापाड सांभाळली जाते. दोन सिलिंडरांच्या, ३४७ सीसीच्या या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ‘हाय टॉर्क’ आवृत्तीची ताकद ३०.५ अश्वशक्ती होती आणि त्या काळच्या भारतीय रस्त्यांवरील दुचाकींच्या मानाने ती अफाट होती. मात्र मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक असताना भारतीय आवृत्तीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक देण्यात आले, आणि १८ इंची, आऱ्यांची, पोलादी रिमची चाकेही अरुंद टायरांसह आली. वेग भरपूर आणि थांबण्याची ताकद बेताची, ही या गाडीची जन्मजात विसंगती असल्याने तिचा जीर्णोद्धार करणारा मालक इंजिनानंतर लगेच चाकांकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. तथापि चाक बदलणे म्हणजे गाडीचे रूप बदलणे, अशी जी समजूत या छंदात रूढ झाली आहे, तिच्यामुळे अनेक चांगल्या गाड्यांचे वळण बिघडले आहे. चाक हा गाडीच्या भूमितीचा भाग आहे आणि त्याचा विचार त्याच अंगाने व्हायला हवा.

प्रथम वजनाचा प्रश्न. गाडीवरचे सगळे वजन सारखे नसते. सीटखालचा एक किलो केवळ पुढे सरकतो, तर चाकाच्या कडेवरचा एक किलो पुढे सरकताना फिरतही असतो, आणि त्याला दोन्ही गती देण्यासाठी इंजिनाला ऊर्जा खर्चावी लागते. हिशेब केला तर टायरच्या पृष्ठभागाजवळचा एक किलो वेग घेताना आणि थांबताना जवळपास दोन किलोंइतका भासतो, तर रिमवरचा एक किलो साधारण दीड किलोंइतका. शिवाय चाक, टायर आणि ब्रेक यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याला थेट उचलतो आणि शॉकअपला ते आवरावे लागते. हे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याला अधिक चिकटून राहते. फिरत्या चाकात स्वतःची दिशा टिकवण्याची जी प्रवृत्ती असते आणि जिला जायरोस्कोपिक परिणाम म्हणतात, तीही कडेचे वजन घटल्यावर कमी होते, त्यामुळे गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर हलक्या हाताने वळते. कात्रज किंवा आंबा घाटात एकामागून एक येणाऱ्या वळणांवर हा फरक हाताला स्पष्ट जाणवतो.

यावरून अलॉय व्हील बसवले की वजन घटलेच, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असली, तरी साच्यात वितळलेला धातू ओतून केलेल्या, म्हणजे कास्ट चाकाला पुरेशी ताकद यावी म्हणून त्याच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात. परिणामी सत्तर-ऐंशीच्या दशकांतील कित्येक कास्ट चाके आऱ्यांच्या चाकांपेक्षा जड होती. प्रचंड दाबाखाली धातू घडवून केलेली फोर्ज्ड चाके याहून हलकी आणि चिवट असतात, पण महाग पडतात. शर्यतींसाठी वापरली जाणारी मॅग्नेशियमची चाके सर्वांत मोहक ठरतात, कारण हा धातू अ‍ॅल्युमिनियमहूनही हलका आहे. मात्र तो लवकर गंजतो आणि वारंवारच्या ताणाने त्याला न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे मॅग्नेशियमचे चाक कितीही देखणे असले तरी ते भिंतीवर टांगावे, रस्त्यावर आणू नये.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो व्यासाचा मुद्दा. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष तिरका असतो, आणि त्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती पुढच्या टायरच्या टेकण्याच्या बिंदूच्या थोडी पुढे जाऊन मिळते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. रुग्णालयातील स्ट्रेचरचे छोटे चाक जसे ढकलल्यावर आपोआप मागे वळून सरळ रांगेत येते, तसेच ट्रेलमुळे मोटारसायकलचे पुढचे चाक स्वतःहून सरळ राहू पाहते. रस्त्यावरच्या जुन्या स्पोर्ट गाड्यांत हे अंतर ढोबळमानाने १०० मिलिमीटरच्या आसपास असते. आता ३.००-१८ या मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६१० मिलिमीटर भरतो. यातला पहिला आकडा टायरची इंचातली रुंदी सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. त्याऐवजी ११०/७०-१७ हा टायर घेतला, ज्यात रुंदी ११० मिलिमीटर आणि उंची त्या रुंदीच्या ७० टक्के असते, तर बाहेरचा व्यास सुमारे ५८६ मिलिमीटर होतो. म्हणजे पुढची धुरी १२ मिलिमीटर खाली येते. हँडलचा अक्ष उभ्या रेषेपासून २७ अंश कललेला धरला, तर एवढ्यानेच ट्रेल ६ मिलिमीटरने घटतो; आणि मागचे चाक जुनेच ठेवले असेल तर गाडी नाकावर झुकून तो कोनही अर्ध्या अंशाने उभा होतो, ज्यातून आणखी सुमारे ३ मिलिमीटर जातात. १०० पैकी ९ मिलिमीटर हे कागदावर किरकोळ दिसते, पण झिजलेल्या स्टेअरिंग बेअरिंगच्या आणि चाळीस वर्षांच्या चॅसीच्या गाडीत, ताशी शंभराच्या वर, हँडल थरथरायला एवढे पुरते.

याच ओघात दोन्ही चाके १७ इंची केली तर झुकाव टळतो, पण इंजिन आणि एक्झॉस्ट जमिनीजवळ येतात, मागच्या टायरचा परीघ घटल्याने त्याच वेगाला इंजिन तीन-साडेतीन टक्के जास्त फिरते, आणि पुढच्या चाकावरून चालणारा स्पीडोमीटर सुमारे चार टक्के जादा वेग दाखवू लागतो. यातले काहीही असाध्य नाही, मात्र ते आधी मोजलेले असावे लागते.

कंपन्यांनी हीच वाट कशी काढली हे पाहण्यासारखे आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शर्यतींच्या प्रभावाने पुढे १६ इंची चाकाची लाट आली. चपळाई वाढली, पण वळणात ब्रेक लावल्यावर गाडी उभी राहू पाहण्याची तक्रारही आली. १९८४च्या कावासाकी जीपीझेड ९००आरला असेच १६ इंची पुढचे चाक होते आणि १९९०च्या आवृत्तीत कंपनीने स्वतःच ते १७ इंची केले. सुझुकीच्या जीएसएक्स-आर ७५० या गाडीला १९८५ मध्ये दोन्हीकडे १८ इंची चाके होती, १९८८ मध्ये ती १७ इंची झाली. परंतु त्या वर्षी चॅसीही नवी आली. भारतात बजाजने २००५ मध्ये पल्सरला १८ ऐवजी १७ इंची अलॉय चाके दिली, तेव्हा सस्पेन्शनही बदलले. १७ इंची चाक जगभर प्रमाण ठरले याचे कारण त्या व्यासात काही जादू आहे असे नाही. रुंद, बुटक्या भिंतीच्या रेडिअल टायरांशी त्याचे माप जुळले आणि सगळी गाडी त्या मापाभोवती आखली गेली. जुन्या गाडीला केवळ चाक नवे मिळते, आखणी जुनीच राहते.

रुंदीच्या बाबतीत तर हौसेने कहर केला आहे. प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमसाठी घडवलेला असतो. १२०/७० टायरला ३.५ इंची आणि १६०/६० टायरला ४.५ इंची रिम लागते, तर आरडीच्या पिढीतील रिम जेमतेम दोन इंचांच्या घरात असते. अशा रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो, सरळ जाताना कमी रबर टेकते आणि गाडी झुकवताना ती एकदम कोसळल्यासारखी वाटते. रुंद रिमसह रुंद टायर घेतला तर तो स्विंग आर्मला किंवा चेनला घासतो, मग चेन बाहेर काढण्यासाठी स्प्रॉकेटखाली चकत्या घालाव्या लागतात आणि एकामागून एक तडजोडी सुरू होतात. तीस अश्वशक्तीच्या इंजिनाला १५० मिलिमीटरच्या टायरची काडीमात्र गरज नसते; तो टायर सिग्नलवर उभा असताना छान दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

मग योग्य सुधारणा कोणती? यामाहाने या घराण्यातील पुढची गाडी, १९८० ची आरडी ३५० एलसी, कास्ट चाकांवर आणली, पण व्यास १८ इंचच ठेवला, हा दाखला पुरेसा बोलका आहे. भारतीय आरडीसाठीही १८ इंची व्यास कायम ठेवून पोलादी रिमच्या जागी चांगल्या प्रतीची अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि स्टेनलेस स्टीलचे आरे घालणे हा सर्वांत कमी जोखमीचा आणि सर्वांत मोठा लाभ देणारा मार्ग ठरतो. रिमची रुंदी फार तर एक पायरी वाढवावी. टायर जुन्या मापाचेच, पण आधुनिक रबराचे असावेत. गेल्या चाळीस वर्षांत रबराने जी प्रगती केली आहे, तिचा फायदा रुंदीने होणाऱ्या फायद्याहून कितीतरी मोठा आहे. आऱ्यांच्या रिमला निपलसाठी छिद्रे असल्याने तिच्यात ट्यूब हवीच. सीलंट लावून ती ट्यूबलेस करून देणारे भेटतात, पण ट्यूबलेस रिमच्या आतल्या बाजूला टायरची कड जागेवर धरून ठेवणारा जो उंचवटा असतो, तो जुन्या रिमला नसतो, आणि हवा अचानक गेल्यावर त्याचीच गरज पडते.

आरे भरणे ही कला आहे आणि ती जाणणारे कारागीर कमी होत चालले आहेत. छत्तीस आरे ठरावीक क्रमाने एकमेकांवरून ओलांडत नेणे, मग चाक स्टँडवर फिरवून डायल गेजने रिमचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढणे, एक निपल पाव फेरी घट्ट केला की समोरचा तितकाच सैल करणे, या कामाला अर्धा दिवस सहज जातो. बहुतेक जपानी सर्व्हिस पुस्तिकांत रिमचा आडवा आणि उभा आऊट २ मिलिमीटरपर्यंत चालतो असे लिहिलेले असते. निष्णात हात तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणतो.

ज्यांना पुढे डिस्क ब्रेक हवाच आहे, आणि तो हवा असणे या गाडीत सर्वथा समर्थनीय आहे, त्यांना दुसऱ्या गाडीचे पुढचे चाक किंवा अख्खा फोर्क आणावा लागतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात असे सुटे भाग मिळतात आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर हवे ते बुश करून मिळते. पण याच टप्प्यावर सर्वांत घातक चूक होते. चाकाच्या हबमध्ये दोन बाजूंना दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये, बाहेरून न दिसणारी, पोलादी नळी असते. धुरीची नट आवळल्यावर येणारा दाब एका बेअरिंगच्या आतल्या कड्यावरून या नळीत आणि तिथून दुसऱ्या बेअरिंगच्या आतल्या कड्यात जातो. ही नळी बेअरिंगच्या बैठकींमधील अंतरापेक्षा किंचित, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी, लांब असली तर चालते. आखूड असली तर मात्र नट आवळताच दोन्ही आतली कडी एकमेकांकडे खेचली जातात, गोळ्यांवर आडवा दाब येतो, बेअरिंग तापते आणि काहीशे किलोमीटरांत निकामी होते. दुसऱ्या हबमध्ये आपली धुरी बसवण्यासाठी बेअरिंग बदलताना ही नळी जुनीच ठेवली जाते किंवा चक्क गाळली जाते. तिची लांबी व्हर्निअरने मोजून घ्यावी, आणि धुरी पूर्ण आवळल्यावर चाक उचलून फिरवून पाहावे. ते अडखळले तर काम अपुरे आहे. मागच्या चाकात ड्रम ब्रेकची पाटी स्विंग आर्मला बांधून ठेवणारी पट्टीही अशीच महत्त्वाची, कारण ती सुटली तर ब्रेक लावताच पाटी चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मूळ व्यास राखण्याच्या बाजूने हाही एक भक्कम मुद्दा आहे.

आरडीच्या मालकांना एकच विनंती: नवी चाके कोणतीही बसवा, पण मूळ हब, ब्रेकच्या पाट्या आणि त्या आतल्या नळ्या भंगारात देऊ नका. गाडीचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, आणि हे अस्सल भाग दरवर्षी अधिकाधिक दुर्मीळ होत आहेत.