भूमिकेची वहिवाट

मुलुंडच्या महाकवी कालिदास नाट्यगृहात काही महिन्यांपूर्वी एका संगीत नाटकाच्या प्रयोगाआधी, ओळखीच्या एका वादकाला भेटावे म्हणून मी पडद्यामागे गेलो, तेव्हा तो आपल्या ऑर्गनच्या फळीवर चिकटवलेल्या कागदी चिठ्ठ्या नखाने खरवडून काढीत बसलेला दिसला. प्रत्येक चिठ्ठीवर पदाचा आरंभीचा शब्द आणि त्याखाली पट्टी लिहिलेली होती. जुन्या चिठ्ठ्यांवर जेथे जेथे ‘काळी पाच’ होते, तेथे तेथे नव्या चिठ्ठ्यांवर ‘काळी तीन’ आले होते. तबलजीने आपला नेहमीचा तबला कापडात गुंडाळून बाजूस ठेवला होता आणि त्याहून मोठ्या तोंडाचा दुसरा तबला तो हातोडीने ठोकून सुरात आणीत होता. विचारल्यावर कळले ते असे, की हे पुनरुज्जीवित नाटक लवकरच अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार असून नायिकेची भूमिका तेथे दुसरी अभिनेत्री करणार आहे, आणि आजचा प्रयोग ही तिची रंगीत तालीमच समजायची. बाहेरच्या फलकावर मात्र जुन्या नायिकेचेच छायाचित्र होते, आणि माझ्यासारख्या शेकडो माणसांनी त्या छायाचित्राच्या भरवशावर तिकिटे काढली होती.

त्या नाट्यसंस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रार एका संस्थेपुरती नाही. पण त्या पहिल्या नायिकेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाणे मला अशक्य आहे. पार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात आणि मुलुंडला मिळून तिचे सहा प्रयोग मी पाहिले होते. पहिल्या प्रयोगात ती तान संपवण्याची घाई करीत असे आणि पदानंतरचे वाक्य धापेतच उच्चारीत असे. सहाव्या प्रयोगात तेच पद संपवून ती क्षणभर स्वस्थ उभी राहिली, टाळ्या ओसरू दिल्या, आणि मग गाण्याच्याच सुरात पुढचे वाक्य इतक्या सहजतेने बोलली, की गद्य कोठे सुरू झाले हे कळू नये. मुसळधार पावसात गाड्या बंद पडल्या असता निम्म्या रिकाम्या प्रेक्षागृहापुढे गाऊन, सकाळी नोकरीवर हजर होऊन आणि सुट्टीच्या अर्जांवर अर्ज देऊन तिने हे एक क्षणाचे थांबणे मिळवले होते.

आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात ‘वहिवाट’ हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. सातबारावर मालकाचे नाव वेगळे असले, तरी जो वर्षानुवर्षे जमीन कसतो, बांध घालतो, तण काढतो, त्याचा त्या जमिनीशी एक संबंध जडतो, आणि तो संबंध कायद्यालाही अखेर मान्य करावा लागला. नाटकातील भूमिकेची मालकी नाटककाराची असेल, प्रयोगाचे हक्क निर्मात्याचे असतील. परंतु भूमिकेची वहिवाट ही ती कसणाऱ्या नटाची असते, आणि नाटक साता समुद्रांपलीकडे निघाले म्हणून ती वहिवाट विनाइत्तला खालसा करण्याचा अधिकार कोणालाही असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ भूमिका एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाऊच नये, असा कोणी करू नये. तसा आग्रह धरला तर मराठी संगीत रंगभूमीचा निम्मा इतिहास पुसून टाकावा लागेल. ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा धैर्यधर होते किर्लोस्कर नाटक मंडळीचे नानासाहेब जोगळेकर आणि भामिनी होते बालगंधर्व. त्याच वर्षी जोगळेकर निवर्तले; भूमिका मात्र राहिली. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ जो ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला, त्यात ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर म्हणून बालगंधर्वांच्या भामिनीसमोर उभे राहिले, आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानल्या गेलेल्या दोन मंडळ्यांच्या दोन नायकांनी एका रात्रीत जे उभे केले, त्याची आठवण शंभर वर्षांनंतरही नाट्यरसिकांच्या घराघरांतून निघते. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवरावही गेले. आणि ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आज पार्ल्यात उभे आहे त्या मास्टर दीनानाथांनी तर याच धैर्यधराच्या पदांना आपल्या वेगळ्या चालींचा आणि तेजस्वी, झेपावणाऱ्या तानांचा असा बाज दिला, की गोविंदराव टेंब्यांच्या मूळ चालींवर वाढलेल्या श्रोत्यालाही ते गाणे परके वाटले नाही. एकच धैर्यधर, तीन गळे! पण यांतील एकाही गळ्याने दुसऱ्याच्या नावाच्या जाहिरातीआडून रंगमंचावर प्रवेश केला नव्हता. ‘संयुक्त मानापमान’ला लोकांनी गर्दी केली ती कोण गाणार आहे हे ठाऊक होते म्हणूनच.

ज्या वर्षी बालगंधर्व गेले त्याच १९६७ सालच्या अखेरीस पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले. त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे, हे समीकरण इतके घट्ट बसले होते, की १९८३ साली वसंतराव निवर्तल्यावर ही भूमिका आता त्यांच्यासमवेतच गेली असे अनेकांनी मानले. नातू राहुल त्यावेळी चार वर्षांचाही नव्हता. २०१० साली सुबोध भावे यांनी हे नाटक पुन्हा उभे केले आणि खाँसाहेब म्हणून राहुल देशपांडे गाऊ लागले, तेव्हा रक्ताच्या नात्याचा उल्लेख पुष्कळांनी केला. परंतु आजोबांचा वारसा त्यांना मिळाला तो जन्माच्या दाखल्याने नव्हे, मुकुल शिवपुत्रांसारख्या गुरूंपुढे बसून केलेल्या मेहनतीने मिळाला. त्याच पुनरुज्जीवनात सदाशिवची भूमिका करणारे महेश काळे हे, ज्यांनी ‘कट्यार’ला संगीत दिले त्या पंडित जितेंद्र अभिषेकींचे शिष्य, आणि वास्तव्य अमेरिकेत! परदेश हा आपल्या रंगभूमीला केवळ डॉलर देणारा बाजार नसून तेथूनही अस्सल गळा परत येऊ शकतो, याचे याहून उत्तम उदाहरण मला सुचत नाही. ‘कट्यार’चे कथानकच मुळी पदाच्या हस्तांतराचे आहे. राजगायकाची गादी, हवेली आणि कट्यार दरबारच्या हुकुमाने एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जाते. गायकी मात्र कोणत्याही हुकुमाने जात नाही, ती कान देऊन, सेवा करून, अपमान सोसूनच मिळवावी लागते. दौऱ्यापूर्वी नायिका बदलणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने हे नाटक पुन्हा एकदा शांतपणे पाहावे.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नावरून कज्जा करण्यापर्यंत वेळ आलेली आहे. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे ‘सनसेट बुलेव्हार्ड’ १९९३ साली लंडनमध्ये सुरू झाले तेव्हा पॅटी लुपोन ही नायिका होती आणि न्यूयॉर्कमधील भूमिकाही तिच्याशी करारनाम्याने मुक्रर झालेली होती. तरीही ती ग्लेन क्लोज हिला देण्यात आली आणि ही वार्ता लुपोनला वृत्तपत्रातील एका स्तंभावरून समजली. तिने दाद मागितली, आणि निर्मात्यांना भारी भरपाई मोजावी लागली. आपल्या मुंबईच्याच नावाचे, ए. आर. रहमान यांच्या संगीताचे ‘बॉम्बे ड्रीम्स’ २००२ साली लंडनमध्ये सुरू होऊन २००४ साली न्यूयॉर्कला गेले, तेव्हा नायक आणि नायिका दोन्ही बदलले. राणीच्या भूमिकेतील आयेशा धारकर तेवढ्या कायम राहिल्या. याउलट फिरोज अब्बास खान यांनी २०१६ साली मुंबईत ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणले, त्यात प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम या दोघी आळीपाळीने अनारकली होत, रंगमंचावर प्रत्यक्ष गात, आणि दोघींची नावे उघडपणे जाहीर होत. हे नाटक पुढे अमेरिकेतही गेले. दोन गळे एका भूमिकेची वहिवाट सलोख्याने करू शकतात, हे आपल्याच शहराने सिद्ध केलेले आहे.

निर्मात्यांची कैफियतही मी ऐकलेली आहे आणि ती मला मुळीच खोटी वाटत नाही. अमेरिकेस जाणाऱ्या कलापथकासाठी तेथील यजमान संस्थेला आधी अर्ज करावा लागतो. त्या अर्जाची फी १ एप्रिल २०२४ पासून ४६० डॉलरवरून सामान्यतः १,०१५ डॉलरवर गेली, आणि त्यानंतर प्रत्येक कलावंताला वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीस उभे राहावे लागते. विमानाची तिकिटे मर्यादित, म्हणून वीस माणसांचे नाटक दहा माणसांत बसवावे लागते. तेथील महाराष्ट्र मंडळे बहुतांशी नोकरीधंदा सांभाळून काम करणाऱ्या स्वयंसेवकांची. शाळेचे सभागृह भाड्याने घेतले की ते भरले पाहिजे, आणि दूरचित्रवाणीवरच्या परिचित चेहऱ्याने ते भरते, असा त्यांचा अनुभव आहे. १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ असो वा १९८१ साली अमेरिकेत निघालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ असो, या मंडळींनी परक्या भूमीवर मराठी बोलाचा जो दिवा तेवत ठेवला, त्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. कधी नायिकेच्या घरी तान्हे मूल असते, कधी तिची रजा मंजूर होत नाही. अशा वेळी दुसरी नायिका शोधणे हा निर्मात्याचा धर्मच होय.

पण परिचित चेहरा आणायचा आणि गाणी ध्वनिमुद्रित लावायची, ही जी तोड अलीकडे सुचवली जाते, तिला माझा ठाम विरोध आहे. संगीत नाटक पाहणाऱ्या मराठी माणसाच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या एक शब्द आहे, ‘वन्समोअर’. त्या शब्दासरशी गायिका त्याच पदाच्या अंतऱ्यावर परत येते आणि मघाशी न घेतलेली जागा आता घेते. कारण मघाशी ती फक्त गात होती, आता ती या विशिष्ट रात्रीच्या, या विशिष्ट माणसांसाठी गात असते. ध्वनिमुद्रण तेच पद हुबेहूब पुन्हा वाजवील, पण वन्समोअर घेणे त्याला जन्मात जमणार नाही. न्यू जर्सीत बर्फ तुडवीत दोन तास गाडी हाकून नाटकाला येणारा, बालपणी गिरगावात किंवा डोंबिवलीत आईच्या मांडीवर बसून ही पदे ऐकलेला माणूस, त्या एका शब्दाचा अधिकार बजावण्यासाठी येतो. त्याच्यापुढे ओठ हलवणारी नायिका उभी करणे म्हणजे त्याच्या आठवणींशी केलेली प्रतारणा आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. दौऱ्याची तजवीज सुरू होताच, आहे त्या नायिकेला प्रथम लेखी विचारले जावे, आणि तिने नकार दिला तरच दुसरीचा शोध व्हावा. तिला वगळायचेच असेल तर तिने कसलेल्या प्रयोगांचा मोबदला म्हणून दौऱ्याच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा तिला मिळावा. ही मागणी ऐकून निर्माते दचकतील, पण जागा, हरकती, हालचाली, विराम, हे सारे तिच्या भूमिकेतून उचलूनच नवी नायिका उभी राहते, ही वस्तुस्थिती आहे. नव्या नायिकेने परदेशी जाण्यापूर्वी बोरिवली, पार्ले, मुलुंड, ठाणे येथे निदान दहा प्रयोग आपल्या नावाने, आपल्या छायाचित्राखाली करावेत. आम्हा उपनगरातील प्रेक्षकांनी एका नाटकाला दोन वर्षे पोसायचे आणि अखेरीस त्याच्या परदेशी प्रयोगाची तालीम आम्हालाच पूर्ण दराने दाखवायची, हा व्यवहार सरळ नाही. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेने याबाबत एक नमुना करारनामा तयार करून निर्माते आणि कलावंत या दोहोंपुढे ठेवावा. १९०५ पासून या रंगभूमीची काळजी वाहणाऱ्या संस्थेला हे काम अवघड नाही.

त्या रात्री मुलुंडला नव्या नायिकेने भूमिका निभावली. तिची मेहनत दिसत होती, आवाज मोकळा होता. पण पट्टी इतकी खाली आणली होती, की दुसऱ्या अंकातील मुख्य पद तार षड्जाला जाऊनही उजळले नाही, आणि नायकाबरोबरच्या युगुलगीतात दोघांचे स्वर एकमेकांस ओळखेनात. प्रेक्षकांनी तिला सौजन्याने टाळ्या दिल्या. वन्समोअर आला नाही. प्रयोग संपल्यावर, रंग पुसण्याआधीच, ती ऑर्गनजवळ आली आणि म्हणाली, “काका, ते दुसऱ्या अंकातलं पद आपण उद्या काळी चारवर धरू या का? माझा गळा चढतो तिथपर्यंत. मला कुणी विचारलंच नाही, आधीच ठरवून टाकलं होतं सगळ्यांनी.” वादकाने मान डोलावली, खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि तिच्यावर नवी पट्टी लिहिली. दौऱ्याला तेव्हा अकरा दिवस उरले होते.